बाळंतिणीच्या चहावर पहारा

घरात बाळ आलं की बाळंतिणीचा चहा बंद. का? तर म्हणे दुधातून उष्णता उतरते, बाळ झोपत नाही, शिवाय काळं पडतं. हे सांगणाऱ्या आत्याबाईंच्या हातात मात्र बशी असते आणि बशीत निवत ठेवलेला दिवसातला पाचवा चहा. जिला रात्री सलग दोन तास झोप नाही, तिच्या पुढ्यात बसून तो भुरकायचा आणि वर संयमावर प्रवचन द्यायचं! मला या निलाजरेपणाचा मनस्वी संताप येतो.

हिशेब करू या. आईच्या पोटात गेलेल्या कॅफीनपैकी साधारण एक टक्का दुधात उतरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका सांगते की १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे कपामागे बाळाच्या वाट्याला येतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मधेच थांबू लागला की एनआयसीयूत डॉक्टर त्याला काय देतात? कॅफीन! किलोभर वजनाच्या जीवाला पहिल्याच डोसला २० मिलिग्रॅम कॅफीन सायट्रेट, म्हणजे १० मिलिग्रॅम शुद्ध कॅफीन. ते मॉनिटरवर नजर ठेवून, मोजूनमापून देतात, हे खरंच. पण मग अर्ध्या मिलिग्रॅमसाठी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांनी आधी मोजायला तरी शिकावं.

मर्यादा आहे, आणि ती मी लपवणार नाही. नवजात बाळाच्या अंगातलं कॅफीन निम्मं व्हायलाच तीन-चार दिवस लागतात. सहा महिन्यांच्या बाळाला काही तास पुरतात. म्हणून पहिले काही आठवडे हात आखडता ठेवावा, बाळ फार किरकिरं झालं तर कमी करून पाहावं. युरोपची अन्नसुरक्षा संस्था स्तनदा मातेला दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत मोकळीक देते. आपल्या चहाचे तीन कप त्यात आरामात बसतात. जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर मात्र चहा नको, मागेपुढे तासभर सोडावा, कारण चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हे खरं, कामाचं कारण. ते बाळंतिणीला कोण सांगतं? कुणीही नाही. तिच्या रक्ताची फिकीर कुणाला आहे!

आता या पथ्यमीमांसकांचा स्वतःचा कारभार पाहा. चहा वर्ज्य करणाऱ्या याच आत्याबाई संध्याकाळी सहाण मांडतात. थेंबभर दूध, त्यात जायफळाचे चार वेढे, आणि ते चाटण बोटाने थेट बाळाच्या जिभेवर. कशासाठी? ‘शांत झोपतं हो!’ सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना कंठशोष करून सांगते आहे. आईच्या दुधातून येणारा कॅफीनचा अंश घातक, आणि गुंगीसाठी उगाळलेलं जायफळ संस्कारी? शिवाय बाळंतिणीला दोन वेळा दशमूलारिष्ट. अरिष्ट आंबवूनच करतात, त्यात मद्यार्क तयार होतो, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. बाटली उघडणाऱ्या एकाने तरी ते वाचलंय का? म्हणजे मद्यार्क पथ्याचा आणि चहा कुपथ्याचा!

आणि बाळाचे बाबा? त्यांना ‘सकाळी ऑफिस आहे’, म्हणून ते दुसऱ्या खोलीत झोपतात. २०१७ पासून कायद्याने नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा आहे. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, खासगी नोकरीत कायद्याने एकही नाही. सरकारचं चुकतंच, पण घरातल्या रात्री काही सरकार वाटून देत नाही. दूध पाजणं तिच्याकडे. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं याला कुठल्या बाबाची छाती अपुरी पडते? ही बाई चहा मागते ती चैन म्हणून नव्हे, तिची झोप घरातल्या सगळ्यांनी मिळून खाल्ली म्हणून. तेव्हा बाबा, रात्री दोनला उठा, दूध पिऊन झालं की बाळ आपल्याकडे घ्या आणि तिला झोपू द्या. सकाळी चहाही तुम्हीच टाका, आणि आत्याबाईंच्या आधी तिला द्या.