बक्षिसी ही भीक नव्हे

गेल्या मार्गशीर्षात बेळगावहून मोटार भाड्याने करून आम्ही काही स्नेही श्रीमंगेश व श्रीशांतादुर्गा यांच्या दर्शनास गेलो होतो. अभिषेक झाला, दक्षिणा दिली, फंडपेटीत नोटा पडल्या, सुग्रास भोजनही झाले. चोर्ल्याचा अवघड घाट उतरून आम्हांस सुखरूप आणणारा चालक मात्र गाडीतच बसून होता. तो जेवला की नाही, हे विचारण्याचे भान आम्हांपैकी एकालाही राहिले नाही. रात्री परतल्यावर बक्षिसीचा विषय निघताच एक गृहस्थ उद्गारले, "भाडे ठरलेले आहे. वर पैसा देणे म्हणजे या लोकांना सवय लावणे!" मी व्यवसायाने वकील, तरीही गप्प बसलो. ते मौन मला आजही सलते, म्हणून हे उत्तर.

भाडे ठरते ते गाडीच्या मालकाशी. चालक बहुधा त्याचा पगारी नोकर. आपल्या वृद्ध मातोश्रींचा हात धरून त्यांना पायऱ्यांपर्यंत नेणे कोणत्या करारात लिहिलेले असते? पूजेचे सारे साहित्य पुरविले तरी दक्षिणेवाचून विधी सांग झाला, असे आपण मानीत नाही. मग श्रमाच्या बाबतीतच हा कोरडा हिशेब का? आणि 'सवयी'चे म्हणाल, तर पोस्टमनला दिवाळीची पोस्त देऊन आजवर कोणता समाज बुडाला?

बक्षिसीला लाचेच्या पंक्तीस बसविणेही अन्यायाचे आहे. लाच काम अडवून आधी उकळली जाते. बक्षिसी काम झाल्यावर संतोषाने दिली जाते.

उपाहारगृहांच्या मालकांनाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. बिलात परस्पर सेवाशुल्क चढविणे ही बक्षिसी नव्हे, सक्ती होय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी त्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. बक्षिसी हा मालकाने दिलेला पगार नव्हे. कार्डाने आलेली ती रक्कम तो नोकरांसाठी विश्वस्ताच्या नात्याने जवळ बाळगतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितले आहे. तेव्हा बक्षिसीकडे बोट दाखवून पगारात काटछाट करण्याचा अधिकार मालकाला नाही. किमान वेतनाचे तत्त्व या देशाच्या कायद्यात १९४८ पासून आहे.

परंतु कायद्याचा आधार घेऊन सेवाशुल्क वगळून घेणाऱ्या ग्राहकांना मी विचारतो : वाचलेल्या त्या रकमेतील किती पैसे तुम्ही वाढणाऱ्याच्या हातावर ठेवलेत? हक्क बजावला, कर्तव्याचे काय?

मी स्वतःपुरता नियम केला आहे. सेवाशुल्क नसेल आणि टेबलाशी आणून वाढले असेल, तर बिलाचा सुमारे दहावा हिस्सा द्यावा. सेवा खरोखरच वाईट असेल, तर देऊ नये, पण अपमानही करू नये. चालकाच्या जेवणाची व निजण्याची चौकशी आपल्या जेवणाआधी करावी. रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता भाड्यात धरला असेल, तर तो त्याला मिळतो का, हे त्यालाच विचारावे. निरोपाच्या वेळी पैसे नाव घेऊन, हातात द्यावेत. सुटी नाणी सीटवर टाकून जाऊ नये.

फंडपेटीत एक नोट कमी पडली, तर देवाचे काही अडत नाही. गाडीत उपाशी बसलेल्या माणसाचे अडते.