विश्लेषण : ‘स्वतःचा क्लाउड’ हवा, पण सर्व्हरवर बसवायचा कसा?

गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने निर्बंध लादले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ईमेल व अन्य सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. मात्र पैसे मोजून घेतलेली सेवा दूरवरच्या एका निर्णयाने बंद पडू शकते, हे यातून दिसले. त्यामुळे ‘स्वतःच्या सर्व्हरवरील क्लाउड’ हा विषय केवळ संगणकवेड्यांपुरता राहिलेला नाही.

नेक्स्टक्लाउड म्हणजे काय?

फाइल, फोटो, कॅलेंडर आणि संपर्क स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून फोन व संगणकावरून वापरू देणारे हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. फ्रँक कार्लिचेक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘ओनक्लाउड’मधून वेगळे होऊन जर्मनीत ते सुरू केले. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सरकारी कार्यालयांतून मायक्रोसॉफ्टची उत्पादने हटवताना फाइल साठवणुकीसाठी नेक्स्टक्लाउडची निवड केली. सॉफ्टवेअर मोफत आहे. सर्व्हर, वीज, इंटरनेट आणि देखभालीचा वेळ मात्र मोफत नाही.

बसवण्याचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग ‘ऑल-इन-वन’. नेक्स्टक्लाउड स्वतः याचीच शिफारस करते. यात डॉकर हे तंत्र वापरले जाते. डेटाबेस, वेब सर्व्हर, ऑफिस, व्हिडीओ कॉल असे सारे घटक स्वतंत्र बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, तयार मिळतात. एक मुख्य कंटेनर बाकीच्यांची व्यवस्था पाहतो. सुरक्षा प्रमाणपत्र आणि बॅकअपची सोय त्यातच असते. त्यासाठी डोमेन नाव आणि बऱ्यापैकी रॅम लागते. शिवाय मुख्य कंटेनरला सर्व्हरवरील डॉकरचा ताबा द्यावा लागतो. त्यामुळे त्याच यंत्रावर इतर महत्त्वाची कामे चालत असतील तर विचार करूनच हा मार्ग घ्यावा.

दुसरा मार्ग ‘स्नॅप’. उबुंटूसारख्या प्रणालीवर एका आज्ञेत काम होते आणि अपडेटही आपोआप येतात. पण आतली रचना बंदिस्त असल्याने हवे तसे बदल करता येत नाहीत. बाहेरील हार्डडिस्क वापरायची असेल तर वेगळी परवानगी द्यावी लागते. दोन-चार माणसांच्या कुटुंबाला हे पुरेसे ठरते.

तिसरा मार्ग हाताने बसवण्याचा. मूळ फाइल उतरवायच्या आणि वेब सर्व्हर, पीएचपी व डेटाबेस स्वतः जुळवायचे. यात पूर्ण नियंत्रण मिळते, पण पूर्ण जबाबदारीही येते. नेक्स्टक्लाउडची प्रत्येक मोठी आवृत्ती पीएचपीच्या ठरावीक आवृत्त्यांवरच चालते. शिवाय मधली मोठी आवृत्ती गाळून पुढे उडी घेता येत नाही. दोन वर्षे दुर्लक्ष झाले तर एकेक पायरी चढतच वर यावे लागते.

चौथा मार्ग म्हणजे तयार नेक्स्टक्लाउड भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून सेवा घेणे. डोकेदुखी कमी होते, पण डेटा पुन्हा दुसऱ्याच्याच यंत्रावर राहतो. मात्र सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असल्याने सेवादार बदलणे तुलनेने सोपे जाते.

घरच्या ब्रॉडबँडवर चालेल का?

अनेकांची गाडी इथेच अडते. देशातील बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतात. या पद्धतीला ‘सीजीनॅट’ म्हणतात. अशा जोडणीत घरातील सर्व्हरपर्यंत बाहेरून थेट पोहोचता येत नाही. त्यावर तीन उपाय आहेत : कंपनीकडून स्थिर आयपी विकत घेणे, खासगी जाळे (व्हीपीएन) वापरणे किंवा डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने घेणे. कोणता मार्ग निवडायचा हे ठरवण्याआधी ही चौकशी केलेली बरी. वीज वारंवार जात असेल तर यूपीएसचा खर्चही हिशेबात धरावा.

खरा धोका कुठे आहे?

बसवताना नव्हे, बसवल्यानंतर. ऑक्टोबर २०१९ मध्ये पीएचपीच्या एका घटकात गंभीर त्रुटी आढळली. एनजिनएक्स वेब सर्व्हरसोबत तो घटक वापरणाऱ्यांना नेक्स्टक्लाउडने लगेच सावध केले. पुढच्याच महिन्यात ‘नेक्स्टक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने काही सर्व्हरवरील फाइल कुलूपबंद केल्या. दोष नेक्स्टक्लाउडच्या कोडमध्ये नव्हता. तो शेजारच्या घटकात होता. हाताने बसवणाऱ्याला असा प्रत्येक घटक स्वतः अद्ययावत ठेवावा लागतो. ऑल-इन-वन आणि स्नॅपमध्ये हे घटक एकत्रच अद्ययावत होतात. सर्व्हरची मूळ प्रणाली मात्र तिथेही आपल्यालाच सांभाळावी लागते.

दुसरा धोका बॅकअपबद्दलच्या गैरसमजाचा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. संगणकावरील सिंक फोल्डरमधून पुसलेली फाइल सर्व्हरवरूनही हटते. बॅकअपमध्ये फाइल, डेटाबेस आणि कॉन्फिगरेशन हे तिन्ही हवेत. एक जरी नसले तरी सारे पूर्ववत करणे अवघड होते. यातील एक प्रत तरी घराबाहेर किंवा कार्यालयाबाहेर असावी.

कायद्याचा संबंध काय?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ निव्वळ घरगुती वापराला लागू नाही. पण रुग्णांच्या नोंदी ठेवणारा दवाखाना किंवा विद्यार्थ्यांची माहिती साठवणारा क्लास यांच्यावर त्या डेटाच्या सुरक्षेची जबाबदारी येते. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. सर्व्हर स्वतःचा असला की ‘कंपनीची चूक’ म्हणण्याची सोय उरत नाही.

मग कोणी काय निवडावे?

फोटो आणि कागदपत्रांपुरता वापर असलेल्या कुटुंबाला स्नॅप पुरे. ऑफिस, व्हिडीओ कॉल आणि नियमित बॅकअप हवा असलेल्या छोट्या कार्यालयाला ऑल-इन-वन सोयीचे. लिनक्स जाणणारा माणूस कायम हाताशी असेल तरच हाताने बसवावे. तो माणूस नोकरी सोडून गेला तर पुढे कोण पाहणार, हेही आधीच ठरवावे. असे कोणीच नसेल तर तयार सेवा घेण्यात कमीपणा नाही. कोणताही मार्ग निवडला तरी पहिले काही आठवडे जुना क्लाउड बंद करू नये. बॅकअपमधून एकदा सारे परत आणून पाहावे आणि ते जमले तरच मूळ प्रती हलवाव्यात.