विठ्ठल, बडवे आणि घुसमट

राजकारणातील खासगी बोलणे हा मराठीतला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नसावी. त्याची संहिता कुठे लिहिलेली नसते, त्याला कर्ता असतो पण कर्त्याचे नाव नसते, श्रोते निवडक असतात आणि प्रयोग बंद दाराआड किंवा धावत्या गाडीत होतो. आशय बहुधा ठरलेला. साहेबांना जमिनीवरचे काही कळत नाही, साहेब कोणाला भेटत नाहीत, साहेबांनी पक्षाची वाट लावली. भरतवाक्यही ठरलेलेच : हे आपल्यातच राहू द्या. दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागतो आणि त्यावर त्याच साहेबांच्या भव्य छायाचित्राखाली आदल्या रात्रीचा वक्ता हात जोडून उभा असतो. वृत्तपत्रे या प्रकाराला 'नाराजीनाट्य' म्हणतात. शब्द नकळत अचूक पडला आहे, कारण यातली नाराजी एकदाच असते आणि नाट्य रोज असते.

आम्ही ज्या गंगापूर तालुक्यातून हे लिहीत आहोत, त्याला या प्रकाराचा एक मोठा प्रयोग जून २०२२ मध्ये अगदी जवळून पाहता आला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात शिवसेनेचे सहा आमदार होते. त्यांपैकी पैठणचे संदिपान भुमरे, सिल्लोडचे अब्दुल सत्तार, वैजापूरचे रमेश बोरनारे, औरंगाबाद मध्यचे प्रदीप जैस्वाल आणि औरंगाबाद पश्चिमचे संजय शिरसाट असे पाच जण एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. कन्नडचे उदयसिंह राजपूत तेवढे मागे राहिले. गंगापूरचे आमदार भारतीय जनता पक्षाचे असल्यामुळे आमच्या वाट्याला प्रेक्षकाची जागा आली. सुरत आणि गुवाहाटीहून येणाऱ्या बातम्या वाचताना आम्हांला सर्वांत अधिक कुतूहल वाटले ते एका शब्दाचे. तो शब्द म्हणजे 'घुसमट'. जो तो सांगत होता की अडीच वर्षे आमची घुसमट होत होती.

या शब्दाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. राजकारणात 'घुसमट' नेहमी भूतकाळात चालते. 'माझी घुसमट होत आहे' असे पदावर असताना जाहीरपणे म्हणणारा नेता विरळा. 'माझी घुसमट होत होती' असे पक्ष सोडल्यावर म्हणणारे शेकड्यांनी. भुमरे हे त्या अडीच वर्षांत मंत्रिमंडळात होते, सत्तार राज्यमंत्री होते. त्यांचे दुःख खोटे होते असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. माणसाच्या मनात काय होते हे दुसऱ्याने सांगू नये. पण जे दुःख बाहेर पडण्याच्या दिवशीच पहिल्यांदा उच्चारले जाते, ते साक्ष म्हणून कितपत धरायचे, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे. साक्षीची किंमत ती कोणत्या वेळी दिली यावर ठरते.

त्याच आठवड्यात शिरसाट यांचे उद्धव ठाकरे यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध झाले. 'वर्षा' बंगल्याची दारे आमदारांना बंद होती आणि आत जाण्यासाठी भोवतालच्या बडव्यांची मनधरणी करावी लागे, असा त्याचा मथितार्थ होता. बडव्यांचे हे रूपक नवे नव्हते. २००५ साली शिवसेना सोडताना राज ठाकरे यांनी आपले भांडण विठ्ठलाशी नसून त्याच्या भोवतीच्या बडव्यांशी आहे, असे सांगितले होते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली तेव्हा छगन भुजबळ यांनी शरद पवारांविषयी बोलताना हेच रूपक पुन्हा वापरले. प्रत्यक्ष पंढरपुरात बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जानेवारी २०१४ मध्ये संपले. राजकारणातल्या बडव्यांना मात्र मरण नाही, कारण त्यांची गरज सर्वांना आहे.

ती गरज कोणती? हे रूपक एका दमात तीन कामे करते. नेत्याला देव ठरवून त्याला चुकीच्या पलीकडे नेऊन ठेवते. रागाचा रोख देवावरून सेवेकऱ्यांकडे वळवते. आणि बोलणाऱ्याला भक्ताची वस्त्रे चढवते, म्हणजे त्याचे जाणे हा द्रोह न ठरता विरह ठरतो. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की रूपक कुठे ताणले जाते ते पाहा. येथे ते एका साध्या प्रश्नापाशी तुटते : बडव्यांना नेमले कोणी? पंढरीच्या विठ्ठलाने आपले बडवे निवडले नव्हते. ते वारसाहक्काने आले. पक्षातला नेता आपले बडवे स्वतः निवडतो. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला बाहेर ताटकळत ठेवायचे हे त्याच्या इच्छेनेच ठरत असते. तेव्हा बडव्यांवरचा राग हा नेत्यावरचाच राग आहे, फक्त त्याला पत्ता चुकीचा दिलेला आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या परंपरेतून हे रूपक उचलले, त्या परंपरेचा अर्धाच भाग उचलला गेला. गोदाकाठचा हा आमचा पट्टा वारकऱ्यांचा. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या नावाने चालणारा अखंड हरिनाम सप्ताह इथल्या गावोगावच्या माणसांना ठाऊक आहे. एकनाथांचे पैठण शेजारी आहे. या परंपरेत भक्त देवाशी कसा बोलतो? जनाबाई विठ्ठलाला तोंडावर शिव्या देते. नामदेव त्याच्याशी लडिवाळ तंटा करतात. चोखोबा आपल्याला बाहेर का ठेवले याचा जाब मागतात. तुकोबांचे देवाशी भांडण तर इतके उघड की त्याला देवाच्या अस्तित्वावर शंका घेण्याचेही भय वाटत नाही. हे सारे बोलणे अभंगातून झाले, म्हणजे चारचौघांत, टाळ-मृदंगाच्या गजरात, पुन्हा पुन्हा म्हटले जाण्यासाठी. देवाला तोंडावर बोलता येते आणि तरी भक्ती उणी होत नाही, हे मराठी भाषेने सातशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. विठ्ठलाचे नाव घेऊन नेत्यापुढे मौन पाळणाऱ्याने विठ्ठलाच्या भक्तांकडून नेमके घेण्यासारखे तेवढेच टाकून दिले.

हे केवळ आजचे नाही आणि एका पक्षाचेही नाही. २६ जून १९७५ च्या पहाटे केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक बोलावली गेली, तेव्हा आणीबाणीच्या घोषणेवर आदल्या रात्रीच राष्ट्रपतींची सही झाली होती. मंत्र्यांना विचारण्यात आले नव्हते, कळवण्यात आले. कोणीही राजीनामा दिला नाही. त्या मंत्रिमंडळात यशवंतराव चव्हाण होते. इंदिरा गांधींशी त्यांचे मतभेद लपलेले नव्हते. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून बंगळूरच्या बैठकीत त्यांनी नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने कौल दिला होता आणि पुढच्याच वर्षी त्यांचे गृहखाते गेले होते. पण आणीबाणीच्या काळात ते जाहीरपणे विरोधात बोलले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्याच कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून प्रार्थनेचे आवाहन केले. पुढल्या वर्षी त्यांना अटक झाली. ज्या बाईंकडे ना मतदारसंघ होता ना पद, त्या बोलल्या. ज्यांच्यामागे महाराष्ट्र उभा होता, ते बोलले नाहीत. मराठवाड्यातही दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात होते आणि मराठवाड्याचेच शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते.

यशवंतरावांविषयी आम्ही हे तुच्छतेने लिहीत नाही. मराठी साहित्यावर इतके प्रेम करणारा दुसरा मोठा राजकारणी महाराष्ट्राला लाभला नाही. म्हणूनच खंत वाटते. 'कृष्णाकाठ' हे त्यांचे आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. पुढचे खंड लिहून होण्याआधीच १९८४ मध्ये ते गेले. त्या पहाटे त्यांना काय वाटले, हे त्यांच्या संयत, सुंदर गद्यात वाचण्याचे भाग्य मराठी वाचकाला मिळाले नाही. मनात ठेवलेल्या सत्याचे हेच होते. ते योग्य वेळेची वाट पाहते आणि वेळ वाट पाहत नाही. त्याच काळातले जगजीवन राम यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आणीबाणीला मान्यता देणारा ठराव लोकसभेत त्यांनीच मांडला, आणि निवडणुका जाहीर झाल्यावर २ फेब्रुवारी १९७७ रोजी ते बाहेर पडले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. बोलून काय साधते? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने एकट्या आमदाराचे हात बांधले. २००३ च्या दुरुस्तीने एक-तृतीयांशांच्या फुटीची पळवाटही बंद केली. आता दोन-तृतीयांश जमल्याखेरीज संरक्षण मिळत नाही. पक्षादेश सभागृहातल्या मतदानापुरता असतो हे खरे. पण गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की राजीनामा न देताही केवळ वर्तनावरून सदस्याने पक्ष सोडला असे अनुमान काढता येते. त्यामुळे टीका कुठे संपते आणि 'वर्तन' कुठे सुरू होते, या धास्तीत आमदार राहतो. उमेदवारी वरून येते, पक्षांतर्गत निवडणूक नावाला असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेच्या वादावर निर्णय देताना निवडणूक आयोगाने पक्षाच्या घटनेतल्या लोकशाहीच्या अभावावर बोट ठेवले. ते बोट इतर बहुतेक पक्षांकडेही वळवता आले असते.

हे सारे आम्ही मान्य करतो. किंबहुना खासगी बोलण्याचे खरे कार्य यातूनच कळते. पंचावन्न आमदारांच्या पक्षात सदतीस हा आकडा गाठायचा असेल, तर कोण कोण नाराज आहे हे चाचपावे लागते. कुजबुज ही एक मोजदाद असते. आकडा भरला की कुजबुजीची घोषणा होते. नाही भरला तर तीच कुजबुज निष्ठा म्हणून मिरवते. म्हणजे एकाच मनातली एकच भावना संख्येवरून बंड तरी ठरते किंवा निष्ठा तरी. त्यात सत्याचा संबंध येतो कुठे? आणि नेत्यालाही हे ठाऊक असते. खासगीतली निंदा त्याच्या कानावर जातच असते. त्याला ती सोसते, कारण बंद खोलीत वाफ निघून गेली की भांडे फुटत नाही. तिरस्कार करणारा स्वतःला स्वतंत्र समजतो आणि नेत्याची सोय करून देतो.

कायद्याने जीभ कापलेली नाही, याचेही पुरावे आहेत. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले आणि नेहरूंच्या कार्यपद्धतीवरचा आक्षेप लोकसभेत उघडपणे मांडला; नेहरू तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते. मोहन धारियांनी जयप्रकाशांशी संवाद करा असा आग्रह धरला आणि मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद गमावले, पुढे तुरुंगही पाहिला. नाना पटोले भाजपचे खासदार असताना २०१७ साली पंतप्रधानांना प्रश्न विचारलेले चालत नाहीत असे नागपुरात जाहीरपणे बोलले आणि त्याच डिसेंबरात खासदारकी सोडली. या तिघांच्या भूमिका वेगळ्या, उंची वेगळी, पुढच्या वाटा वेगळ्या. पटोले पुढे काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हिशेब नव्हताच असे कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तिघांत समान आहे : नेता बलवान असताना ते बोलले. आमच्या मते कसोटी एवढीच आहे.

या मौनाची किंमत कोण देतो? गंगापूरसारख्या तालुक्याचे उदाहरण घ्या. इथल्या शेताला पाणी किती मिळेल हे नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीकडे किती सोडले जाते याच्याशी जोडलेले आहे. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा. त्यावरचा तंटा दर टंचाईच्या वर्षी नव्याने उभा राहतो. कोणत्याही पक्षाच्या राज्यस्तरीय नेत्याला वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांची मते हवी असतात, म्हणून तो मोघम बोलणार. अशा वेळी खालच्या भागाचा आमदार गाडीत बसून नेत्याला दूषणे देईल आणि व्यासपीठावर त्याचा जयजयकार करील, तर शेतकऱ्याच्या हाती काय पडले? त्याने निवडून दिलेला आवाज ऐन गरजेला खासगी मालमत्ता झाला. मतदाराला आपल्या प्रतिनिधीचे खरे मत ठाऊक नसते आणि नेत्याला ते अधिकृतपणे कधी कळत नाही. ते कळते फक्त गाडीच्या चालकाला.

शेवटी आपल्या क्षेत्राकडे वळणे भाग आहे. हे लेखन वाचणारे बहुतेक जण साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक आहेत. विभागप्रमुखाविषयी कॅन्टीनमध्ये एक मत आणि त्याच्या गौरवग्रंथात दुसरे. संस्थेच्या अध्यक्षाविषयी घरी एक भाषा आणि सत्कारसमारंभात दुसरी. ज्या कवितासंग्रहाला चहाच्या टपरीवर हसलो त्यालाच प्रस्तावना. या सवयी आमदारांच्या सवयींहून फार दूरच्या नाहीत आणि आपल्यावर तर पक्षांतरबंदीचा कायदाही लागू नाही. समीक्षा म्हणजे खासगीतले मत चारचौघांत, कारणांसह आणि स्वतःच्या नावाने मांडणे; तिची दुसरी व्याख्या आम्हांला माहीत नाही. ज्या समाजात समीक्षकच हे करीत नाहीत, तेथे राजकारण्यांकडून त्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आपण वर्गात तुकोबांचे देवाशी भांडण शिकवतो. ते केवळ परीक्षेतल्या दहा गुणांच्या प्रश्नापुरते शिकवायचे की बोलण्याची एक रीत म्हणून, हे प्रत्येक शिक्षकाने ठरवायचे आहे. पुढच्या वेळी कोणी विठ्ठलाचे आणि बडव्यांचे नाव घेईल, तेव्हा निदान आपल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने उठून विचारावे की महाराज, हे विठ्ठलाला तोंडावर कधी सांगितले होते?