‘विच-हंट’ : एका रूपकाची उलटतपासणी

ऑक्टोबर २०१७ मध्ये हार्वी वाइनस्टीन या अमेरिकी चित्रपटनिर्मात्यावरील लैंगिक छळाच्या आरोपांना वृत्तपत्रांतून वाचा फुटली. त्यानंतर दहा-बारा दिवसांच्या आतच दिग्दर्शक वुडी अ‍ॅलन यांनी यातून ‘विच-हंट’चे, सेलमसारखे वातावरण निर्माण होऊ नये, अशी चिंता जाहीरपणे व्यक्त केली. आरोपांची छाननी व्हायची होती. रूपक मात्र तयार होते. यथावकाश ते आपल्याकडेही आले आणि विद्यापीठीय वर्तुळात तर चांगलेच स्थिरावले. ते देवनागरीत, पण जसेच्या तसे वापरले जाते, ही गोष्ट लक्षणीय आहे. मराठीत चेटकीण आहे, डाकीण आहे, करणी आहे. तरीही एखाद्या विभागप्रमुखावर तक्रार झाली असता ‘त्यांना डाकीण ठरवले जात आहे’ असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर ऐकणाऱ्याला हसू येईल. ते का येईल, याचा विचार केल्यास या रूपकाचे पितळ बरेचसे उघडे पडते.

उपमान आणि उपमेय यांत साधर्म्य हवे, ही अलंकारशास्त्रातील प्राथमिक अट. येथील साधर्म्य कोणते? १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे एकोणीस जणांना फाशी देण्यात आले; त्यांपैकी चौदा स्त्रिया होत्या. प्रथम ज्या तिघींवर आळ आला त्यांत एक गुलाम होती, एक दारोदार भीक मागणारी होती. एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्स यांना पंचांनी आधी निर्दोष ठरवले, तेव्हा न्यायाधीशांनी पंचांना फेरविचार करायला लावला आणि जुलैमध्ये त्यांना फासावर चढवले. आरोपीचे ‘छायारूप’ आपल्याला छळते, असे फिर्यादीने सांगितले की तो पुरावा होई, आणि अशा पुराव्याचे खंडन मुळातच अशक्य असे. कबुली देऊन इतरांची नावे घेणाऱ्यांचे प्राण वाचले. नकार देणारे फासावर गेले. म्हणजे अशक्य गुन्हा, खंडन न करता येणारा पुरावा, नाकारणाऱ्याला मरण आणि या साऱ्यामागे उभी असलेली धर्मसत्ता व राजसत्ता अशी ही रचना आहे.

सेलममध्येही आरोप करणाऱ्या दुर्बल मुलीच होत्या, असे यावर कोणी म्हणेल. आक्षेप गंभीर आहे. परंतु त्या मुलींच्या शब्दाला वजन आले ते धर्मोपदेशक व दंडाधिकारी यांच्यापाशी सैतानाचा सिद्धांत आधीच तयार होता म्हणून. आरोप प्रतिष्ठितांच्या घरापर्यंत पोचू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते विशेष न्यायालयच बंद केले. मुलींची सत्ता तेवढीच होती.

आज आपण हे रूपक वापरतो ते प्रत्यक्ष इतिहासावरून नव्हे, तर आर्थर मिलर यांच्या १९५३ च्या ‘द क्रूसिबल’ या नाटकावरून. मॅकार्थीकालीन चौकशीसत्राला मिलर यांनी सेलमचा आरसा दाखवला, आणि तेथे साधर्म्य खरोखरच होते : प्रश्न विचारणारे सरकार, सहकाऱ्यांची नावे सांगण्याची सक्ती, नकाराला शिक्षा. परंतु त्या नाटकाची जडणघडण वेगळ्या अंगानेही तपासली पाहिजे. इतिहासातील जॉन प्रॉक्टर साठीच्या घरातला शेतकरी होता आणि अ‍ॅबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची मुलगी. मिलर यांनी प्रॉक्टरला पस्तिशीत आणले, अ‍ॅबिगेलला सतरा वर्षांची केले, तिला त्याच्या घरी मोलकरीण म्हणून ठेवले आणि त्या दोघांत शरीरसंबंध कल्पिला. संपूर्ण शोकांतिका या कल्पित संबंधावर उभी आहे. घरधनी आणि सतरा वर्षांची मोलकरीण यांच्यातील संबंध नाटकात त्याच्या पश्चात्तापाचा विषय होतो. तिच्या वाट्याला सूडबुद्धी येते. ज्या कृतीने ‘विच-हंट’ हे रूपक घडवले, तिने तेथेच लैंगिक सत्तासंबंधाचा प्रश्न झाकला आणि झाकणावर पुरुषाच्या हौतात्म्याचा शिक्का मारला. आपण वर्गात हे नाटक शिकवताना प्रॉक्टरच्या नावाच्या प्रतिष्ठेविषयी भरभरून बोलतो. अ‍ॅबिगेलला कामावरून का काढले, हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल? किंबर्ली बेलफ्लॉवर यांचे ‘जॉन प्रॉक्टर इज द व्हिलन’ हे नाटक २०२५ मध्ये ब्रॉडवेवर आले. शाळकरी मुली मिलर वाचताना नेमका हाच प्रश्न विचारतात, असे त्याचे कथानक आहे. समीक्षेने हे काम आधीच करायला हवे होते.

हे रूपक लैंगिक आरोपांच्या बाबतीत कधीच न्याय्य नसते, असा माझा दावा नाही. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीचे प्रकरण १९८३ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये एकाही दोषसिद्धीवाचून संपले. सूचक प्रश्न विचारून मुलांकडून सैतानी विधींच्या कथा वदवून घेण्यात आल्या होत्या. तेथे सेलमची आठवण रास्त आहे, कारण पुरावा चौकशी करणाऱ्यांनीच निर्माण केला होता. पण एखादी संशोधक विद्यार्थिनी जेव्हा सांगते की मार्गदर्शकाने प्रकरण तपासण्यासाठी रात्री घरी बोलावले, तेव्हा ती अशक्य असे काहीच सांगत नसते. तिचे म्हणणे खोटे असू शकते. ते तपासता येते. छायारूप तपासता येत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्येच राया सरकार यांनी समाजमाध्यमावर भारतीय प्राध्यापकांच्या नावांची यादी प्रसिद्ध केली. बहुतेक ठिकाणी तक्रारदाराचे नाव नव्हते, तपशीलही नव्हता. काही स्त्रीवादी अभ्यासकांनी तिला जाहीर हरकत घेतली आणि त्यावरून स्त्रीवाद्यांतच तीव्र मतभेद झाले. मला ती हरकत आजही बऱ्याच अंशी पटते. उत्तर देण्याची संधी न देता कोणाचे नाव टांगू नये. मात्र या आक्षेपाला ‘नैसर्गिक न्याय’ हे चांगले, रुळलेले नाव आहे. ते सोडून चेटकिणीकडे धाव घेणाऱ्याला प्रक्रिया नको असते, सहानुभूती हवी असते.

आणि प्रक्रियेचे काय? १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये आरोपी त्या आरोपातून सुटले. त्या घटनेतून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ चा विशाखा निर्णय आला आणि त्यानंतर तब्बल सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कायदा. या कायद्यात तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, ती फार तर आणखी तीन महिने वाढते. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडता येते, अपील आहे, गोपनीयता आहे, द्वेषमूलक खोट्या तक्रारीसाठी कारवाईची तरतूदही आहे. ‘विच-हंट’ म्हणणाऱ्यांनी हा कायदा एकदा वाचावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. माजी संपादक व तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१८ मध्ये आरोप केला, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात रमाणी उभ्या राहिल्या : बदनामीच्या फौजदारी खटल्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. वाइनस्टीनचीही न्यूयॉर्कमधील २०२० ची दोषसिद्धी वरिष्ठ न्यायालयाने २०२४ मध्ये प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द केली आणि खटला पुन्हा चालला. रिबेका नर्स यांना असे वरिष्ठ न्यायालय मिळाले नव्हते.

नंदुरबारच्या सातपुड्यात ‘डाकीण’ हे रूपक नाही. गावात मूल आजारी पडले, गुरे मेली, की एखाद्या बाईकडे बोट दाखवले जाते. ती मार खाते, गाव सोडते, कधी जिवानिशी जाते. तिच्या वाट्याच्या यातनेचे नाव घेऊन ज्याच्या सहीवाचून विद्यार्थिनीचा प्रबंध पुढे सरकत नाही, असा माणूस स्वतःला तिच्या जागी ठेवतो. मराठी शब्द वापरला तर ही अदलाबदल लगेच उघडी पडते, म्हणून इंग्रजी शब्द सोयीचा.

काही वर्षांपूर्वी माझ्या परिचयातल्या एका विभागात अशी तक्रार झाली. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीने केवळ मार्गदर्शक बदलून मागितला होता. तो मिळायला चौदा महिने गेले आणि तेवढ्यात तिची शिष्यवृत्ती संपली. त्या काळात ‘विच-हंट’ हा शब्द मी प्राध्यापकांच्या खोलीत अनेकदा ऐकला. तो तिच्यासंबंधी कोणी उच्चारला नाही.