वैद्याची नजर आणि वैज्ञानिकाचे माप

शालान्त परीक्षेनंतर आपल्याकडे ज्ञानाच्या वाटा एकदा फुटल्या की त्या सहसा पुन्हा एकत्र येत नाहीत. वैद्यकाकडे गेलेला गणिताला रामराम ठोकतो, आणि पदार्थविज्ञानाकडे गेलेल्याचा रुग्णाशी संबंध उरत नाही. रुग्णालय म्हणजे उपचाराची जागा आणि संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतला उद्योग, ही समजूत पक्की झाली आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. डोळ्यांच्या हालचालींचे उदाहरण घेऊन मी ते दाखवू इच्छितो.

विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचे डोळे पाहावेत. मागे पळणाऱ्या खांबाबरोबर बुबुळ सावकाश सरकते आणि क्षणात झेप घेऊन पुढचा खांब पकडते. हे पान वाचतानाही आपली नजर ओळीवरून सरळ घरंगळत नाही. ती लहानलहान झेपा घेत जाते. निरोगी डोळ्याची मोठी झेप सेकंदाला ४०० ते ५०० अंशांचा वेग गाठते. ही झेपच मंदावली तर?

नेमकी हीच गोष्ट मुंबईतल्या एका वैद्याच्या नजरेत भरली. ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तोल जाणे, बोलणे अडखळणे असा विकार चालत आला होता. असे विकार पूर्वीही ठाऊक होते. परंतु या रुग्णांची नजर बाजूला वळताना विलक्षण संथ होती. हे वेगळेपण ओळखून त्यांनी या विकाराला वेगळे स्थान दिले.

त्याचे मर्म उलगडायला मात्र दुसऱ्या जातीचे ज्ञान लागले. १९७६ साली अमेरिकेत डेव्हिड झी हे वैद्य आणि डेव्हिड रॉबिन्सन हे मूळचे विद्युत अभियंता यांनी सहकाऱ्यांसह अशाच संथ नजरेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोळ्याची झेप फेकलेल्या दगडासारखी असते, एकदा सुटली की तिचा मार्ग बदलत नाही, असे तोवर मानले जाई. निरोगी डोळ्यात ती इतकी क्षणिक की मध्येच तपासणे कठीण. रुग्णांची झेप लांबत असल्याने वाटेतच लक्ष्याचा दिवा हलवता आला, आणि डोळा अर्ध्या वाटेवरून वळला! म्हणजे मेंदू झेपेच्या दरम्यानही हिशेब ठेवत असतो. रुग्णाचे दुखणे हाती नसते तर अभियंत्याला ही संधी मिळाली नसती; अभियंत्याचे गणित नसते तर वैद्याला तिचा अर्थ लागला नसता. एका हाताने टाळी वाजत नाही, ती अशी.

पुढे १९९६ साली या विकाराचे जनुक सापडले. त्यात सीएजी ही तीन अक्षरे बहुधा २२ वेळा येतात. रुग्णांत ती ३३ वा अधिक वेळा आढळतात. १९९८ साली वाडिया यांनी आनुवंशशास्त्रज्ञांच्या साथीने सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास मांडला, आणि निदानात संथ नजरेचे महत्त्व पुन्हा अधोरेखित केले. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या निरीक्षणाला जनुकाचा आधार मिळाला.

यावर कोणी म्हणेल, बाह्यरुग्ण विभागात दारापर्यंत रांग लागलेली असताना डॉक्टरने संशोधनाचे चोचले कशाला करावेत? आक्षेप खोटा नाही. परंतु म्हणूनच शास्त्रज्ञाने रुग्णालयात येऊन बसले पाहिजे. डॉक्टरने पाहावे, शास्त्रज्ञाने मोजावे, आणि दोघांनी मिळून पुढचा प्रश्न ठरवावा. रुग्णांची वाण आपल्याकडे नाही. वाण आहे ती या एकत्र बसण्याची. या विकाराला आजही बरे करणारे औषध नाही. बाधित आईच्या वा बापाच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. उद्या औषध आले तर त्याचा गुण येतो की नाही, हे ठरवायला नजरेच्या वेगासारखे मोजता येणारे लक्षण उपयोगी पडेल. तेव्हा हा चोचला नव्हे, गरज आहे.

यात आपण कलाशाखेचे विद्यार्थी काय करणार, असे विचारून हात झटकता येणार नाहीत. आनुवंशिक रोगाच्या अभ्यासाला वंशावळ लागते, आणि ती सांगणारी माणसे वसईच्या वाड्यावाड्यांतून घरात बसलेली आहेत. त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणे, लोकांच्या मनातले भय आणि लाज ओळखणे, तपासणी कशासाठी ते सोप्या मराठीत समजावणे हे समाजशास्त्राचे, मानसशास्त्राचे आणि भाषेचे काम आहे. काना, मात्रा, वेलांट्यांनी भरलेली देवनागरी वाचताना डोळा कशी झेप घेतो, हा प्रश्नही आपल्याच अंगणातला आहे. आपल्या महाविद्यालयाने वर्षातून एकदा तरी एक डॉक्टर आणि एक शास्त्रज्ञ यांना एकाच व्यासपीठावर बोलवावे. व्याख्यानासाठी नव्हे, एकमेकांना प्रश्न विचारण्यासाठी.