कुठल्या शाळेत घालताय?

माणूस परदेशी निघाला की त्याला सल्ला देण्याचा हक्क गल्लीतल्या प्रत्येकाला जणू घटनेनंच दिलेला असतो. लोणचं किती न्यावं, कुकर न्यावा की नेऊ नये, थंडीला कसला स्वेटर चालतो, इथवर ठीक आहे. लोणच्याचा सल्ला चुकला तर फार तर बॅगेतले शर्ट तेलकट होतात. पण "मुलांच्या शाळेचं काय?" हा प्रश्न निघाला, की आपल्या पोराची इयत्ता बायकोला विचारून सांगणारे गृहस्थही एकदम शिक्षणतज्ज्ञ होतात.

आणि या सगळ्या तज्ज्ञांचं उत्तर एकच : "इंटरनॅशनलमध्ये घाला!" नवऱ्याबरोबर म्युनिकला निघालेल्या एका बाईंना त्यांच्या जाऊबाईंनी माझ्यादेखत बजावलं, "अगं, तिथल्या सरकारी शाळेत घातलंस तर पोराचं वाटोळं की! सगळं जर्मनमधनं शिकवतात म्हणे." जर्मनीत जर्मनमधनं शिकवतात, ही बातमी पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरल्याच्या आवाजात सांगितली गेली.

या 'इंटरनॅशनल' शब्दाशी माझं भांडण आहे. शाळेशी नाही, शब्दाशी. जिनिव्हात 1924 साली अशी शाळा निघाली, ती राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नोकरदारांच्या मुलांसाठी. आज ज्या 'आयबी'चं नाव घेताना लोकांचा आवाज खाली येतो, ते इंटरनॅशनल बॅकलॉरिएटही 1968 साली जिनिव्हातच जन्मलं. साध्या भाषेत सांगायचं तर ही बदलीवाल्यांची सोय. बाप आज इथं, तीन वर्षांनी तिथं. पोराचा अभ्यासक्रम तरी जागेवर राहावा! बदलीचं दुःख आम्हा बँकवाल्यांना कुणी समजावून सांगायला नको. मुलांची शाळा मोडू नये म्हणून प्रमोशन नाकारून जन्मभर क्लार्क राहिलेला एखादा तरी गडी बहुतेक शाखांत सापडतो. त्याला विचारा, अशा शाळेची किंमत काय ती.

आखाती देशांत सीबीएसईच्या शाळा चालतात, त्यातही शहाणपण आहे. तिथं गेलेली बहुतेक माणसं नोकरी संपली की परत येणार. पोराला पुढं कॉलेजला इथंच घालायचंय, तर पुस्तकंही इथलीच बरी. पण जो जर्मनीत घर घ्यायला निघालाय, हप्ते फेडायला निघालाय, त्यानं पोराला शेजारच्या पोरांपासून दूर ठेवण्यासाठी पगाराचा मोठा घास फीमध्ये घालायचा, हे गणित माझ्या बी. कॉम.मध्ये बसत नाही.

जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि सरकारी शाळेला फी नाही. नव्यानं आलेल्या मुलांसाठी कितीतरी ठिकाणी आधी भाषेचे वेगळे वर्ग असतात. आता खाचखळगेही सांगतो. बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, कोण कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरतं. पाच-सहा वर्षांचं पोर खेळता खेळता भाषा उचलेल; नऊ वर्षांच्या पोराला घाई होईल; आणि दहावीच्या तोंडावर आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला एकदम तिथल्या वर्गात ढकलणं हा निव्वळ अन्याय. त्याला खुशाल इंग्रजी शाळेत घाला, मी टाळ्या वाजवीन. पण पोराचं वय विचारतो कोण? आमचे तज्ज्ञ विचारतात, "स्विमिंग पूल आहे का?"

बरं, हीच माणसं कोल्हापुरात काय म्हणतात? बाहेरून येऊन चार वर्षं झाली तरी त्या पोराला मराठी येत नाही म्हणजे काय? त्यांच्या या रागाला कायद्याचाही आधार आहे. 2020 साली महाराष्ट्रानं सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, आणि ते मला मान्य आहे. पण इथं येणाऱ्यानं आमची भाषा शिकावी आणि आम्ही जाऊ तिथल्या भाषेचा आमच्या बाळाला त्रास होऊ नये, हा कुठला न्याय?

यावर कोल्हापूरचा जाणकार माणूस लगेच वळिवडं काढतो. "मग ते पोलिश लोक? ते कुठं मराठी शाळेत गेले?" बरोबर. 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. रशियानं घरातून उचलून सायबेरियाकडं धाडलेली, तिथून इराणमार्गे इथवर पोचलेली. अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसं काही नव्हतं, पण शाळा काढल्या. प्राथमिक काढल्या, माध्यमिक काढली, स्काउटची पथकं काढली, नाटकं बसवली. सगळं पोलिशमधून. का? तर युद्ध संपलं की घरी जायचं होतं.

पण झालं उलटं. त्यांच्यातल्या बहुतेकांचा मुलूखच रशियाच्या हद्दीत गेला, उरलेल्या पोलंडवर कम्युनिस्टांची सत्ता आली. थोडे परत गेले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. रिकाम्या छावणीत सिंधी निर्वासित आले आणि आज जिथं आपण साड्या घ्यायला जातो ते गांधीनगर उभं राहिलं. नव्या देशांत ही पोलिश पोरं तिथली भाषा शिकली, नोकऱ्या केल्या. पण पोलिश विसरली नाहीत. 2019 साली त्यांतले काही जण म्हातारपणी कोल्हापूर बघायला आले, ते पोलिश म्हणूनच आले.

म्हणजे वळिवड्याचा दाखला माझ्या विरुद्ध नाही, माझ्याच खात्यावर जमा होतो. आपली भाषा सांभाळायचं काम त्यांनी दुसऱ्यावर टाकलं नाही. आपण काय करतो? पोराला तिथली भाषा नको म्हणून इंग्रजी शाळा, आणि शाळा इंग्रजी म्हणून घरातही इंग्रजी! अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा भरतात, तिथं आठवड्यातला सुट्टीचा दिवस खर्चून शिकवणारे आईबाप आहेत. त्यांना माझा दंडवत. पण "या रविवारी कराटे आहे हो" म्हणणारेही आहेत. मॉरिशसला आपली माणसं एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेली. आज त्यांच्या घरात बहुतेक क्रिओलच बोलतात, हे खरं. तरीही तिथल्या सरकारी शाळांत मराठी शिकायची सोय आहे. उसाच्या मळ्यात राबणाऱ्यांच्या वंशजांना एवढं जमतं, आणि कंपनीच्या तिकिटावर गेलेल्या इंजिनिअराची मराठी एका पिढीत आटते!

तेव्हा निघणाऱ्यांनो, तिथं किती वर्षं राहणार ते आधी ठरवा, पोराचं वय बघा, मग शाळा निवडा. मराठी मात्र कुठल्याच शाळेच्या फीत बसत नाही, ती घरूनच भरावी लागते. नाहीतर इकडं आजी फोन कानाला लावून बसेल आणि तिकडून नातू एवढंच म्हणेल, "हाय आजी, हिअर इज मम्मी."