वाकडे अंगण

आम्हा नाशिककरांना विमानांचे अप्रूप काय सांगावे! १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि आभाळ घरघरले की मान वर करायची इथे सवयच जडली. पण माझा मुजरा विलायती बनावटीच्या ‘सी हॉक’ला. मिगला ओझरला लांबलचक धावपट्टी. सी हॉकला ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाची उणीपुरी सातशे फूट लांबी, वर तिरका डेक, तोही लाटांवर डुलणारा! वाफेच्या जोरावर गोफणीतल्या दगडासारखे सुटायचे आणि परतताना शेपटीचा आकडा पोलादी दोरात अडकवून थांबायचे. उड्डाणाला समोरचा वारा हवा, म्हणून जहाजानेही जोरात धावायचे. नेमका १९७१ साली ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एक निकामी! तरीही ४ डिसेंबरला सी हॉक उडाले. कॉक्स बाजार आणि चितगाव हादरले, शत्रूची समुद्रवाट कोंडली. वेग मिगच्या निम्माही नव्हता. १९८३ साली ती निवृत्तही झाली. पण वाचकहो, अंगण वाकडे म्हणून अडून बसणारे आपण रोज पाहतो. सी हॉक वाकड्या अंगणातच नाचले!